पाठ पाहिलीस का?

पहिला दिवस : सावयवेरे

गोव्यात सावयवेऱ्याला मामांचं कुळागर आहे, म्हणजे पोफळींची बाग. लहानपणच्या सगळ्या मे महिन्याच्या सुट्या मी तिथेच काढल्या. त्यामुळे घरामागून वर झरीपर्यंत जाणारी वाट मला अंधारातही सापडते. या वेळी मात्र सुटी नव्हती. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात चार दिवसांची रजा टाकली आणि साखळीहून निघाले ते पक्षी बघायचे हे ठरवूनच. बोंडला, तांबडी सुर्ला, मग सत्तरीतल्या बांबरची राय, म्हणजे देवराई. बरोबर मामा. मनात धनेश होते, मलबारी कर्णा होता, जमलंच तर नवरंग. चिमणीएवढ्या एखाद्या माशीमाराचा विचार त्यात कुठेही नव्हता.

पोचले तेव्हा दुपारचे साडेतीन झाले होते. मामींनी पुढ्यात पेज, लोणचं आणि भाजलेला सुका बांगडा ठेवला. ते संपवलं आणि लगेच दुर्बीण गळ्यात अडकवून मागे गेले. पोफळींच्या बागेतला उजेड बाहेरच्या उजेडासारखा नसतो. वर पोफळींची झावळं, त्याखाली जायफळ आणि केळी, खोडांना लपेटलेल्या मिरवेली. एवढ्यांतून गाळून जे ऊन खाली येतं ते रुपयाएवढ्या ठिपक्यांचं. पाटाला नुकतंच पाणी सोडलं होतं. ओल्या मातीचा आणि कुजत्या पानांचा वास सुटला होता.

पाटाच्या कडेला जायफळाची एक फांदी खाली आली आहे, माझ्या कमरेएवढी. तिच्यावर नारिंगी छातीचा एक पक्षी स्थिर बसला होता. शेपटी एकदा हलली. तो खाली पाचोळ्यावर उतरला, काहीतरी टिपलं, पुन्हा त्याच फांदीवर आला आणि तसाच माझ्याकडे छाती करून बसला. मी म्हटलं, "टिकेलचा निळा माशीमार," आणि दुर्बीण खाली घेतली. आमच्याकडे तो बारा महिने असतो, त्यात नवल ते काय!

मामा मागून आले होते. "बाय, पाठ पाहिलीस का?"

नव्हती पाहिली. पुन्हा दुर्बीण लावेपर्यंत फांदी रिकामी.

रात्री सोप्यावर बसून मामांनी जे सांगितलं, त्याने माझ्या चार दिवसांचा बेतच फिरला. मामा ३४ वर्षं मराठी शाळेत मास्तर होते. सांगायची पद्धत अजून फळ्यासमोरची आहे. नारिंगी छाती आणि निळी पाठ, तर टिकेल. पण नारिंगी छाती आणि मातकट पाठ असेल, तर ती टिकेल नव्हे. ती पांढऱ्या पोटाच्या निळ्या माशीमाराची मादी. तिचा नर दिसायला अगदी वेगळा असतो. डोकं, पाठ, गळा, छाती सगळी गडद निळी, कपाळावर जरा उजळ निळी पट्टी, पोट पांढरं. नारिंगी रंगाचा कुठे मागमूस नाही. म्हणजे एकाच पक्ष्याच्या नर-मादीत जितका फरक आहे, तितका ती मादी आणि टिकेल यांच्यात समोरून पाहताना दिसतच नाही. आणि आपण बघतो तो पक्षी बहुधा समोरूनच.

"टिकेल काय, बागेत, बांबूत, कोरड्या झुडपांतही मिळेल. तसा तो भारतभर आहे," मामा म्हणाले. "दुसरा मात्र फक्त आपल्या घाटांतला. महाराष्ट्रातल्या सह्याद्रीपासून खाली केरळपर्यंत. जगात बाकी कुठेच नाही."

मी तीस वर्षं पक्षी बघते आहे. नारिंगी छाती दिसली की "टिकेल" म्हणून वहीत नोंदत आले आहे. त्यातल्या किती नोंदी खऱ्या असतील, हा विचार त्या रात्री मला बराच वेळ छळत राहिला.

दुसरा दिवस : बोंडला

पहाटे सहाला निघालो. उसगावावरून बोंडल्याला फार वेळ लागत नाही. गोव्यातलं हे एक लहानसं अभयारण्य, जेमतेम ८ चौरस किलोमीटर. बहुतेक लोक इथे प्राणिसंग्रहालय बघायला मुलांना घेऊन येतात आणि दुपारी परत जातात. पण सकाळी साडेसात-आठपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंचं रान पक्ष्यांनी वाजत असतं.

पहिला तास मी सवयीने वर बघत चालले. लाल गळ्याचा पिवळा बुलबुल दिसला, आपल्या गोव्याचा राज्यपक्षी. एक कवड्या धनेश पंखांचा घुं-घुं आवाज करत डोक्यावरून गेला. मान दुखायला लागली तेव्हा मामा म्हणाले, "आता तासभर गुडघ्याच्या वर बघायचं नाही."

ऐकायला सोपं वाटतं, पण डोळ्यांना हे वळण लागतच नाही. रानात शिरलं की नजर आपसूक उजेडाकडे जाते, आणि उजेड असतो वर. खालच्या थरात दिसतं काय? वाळकी पानं, वेलींच्या दोऱ्या, कारवीचे दांडे, कुजलेलं ओंडकं. सगळं तपकिरी. मग दहा मिनिटं एका जागी उभं राहिलं की त्या तपकिरीतलं काहीतरी हलतं. ठिपकेवाला सातभाई आधी कानांना सापडला. पाचोळा उलथल्याचा खसखस आवाज, इतका मोठा की मुंगूस असावं असं वाटलं. पाने चोचीने उचलून बाजूला फेकायची, खाली काय आहे ते बघायचं, पुढे जायचं. थोड्या वेळाने एक रानपरीट आला. थंडीचा पाहुणा, शेपटी वर-खाली न हलवता डावी-उजवी झुलवणारा. आणि ओढ्याच्या उताराला, सावलीत, एक नवरंग. रंगांची एवढी उधळण अंगावर असूनही, थांबला की पाचोळ्यात विरघळून जातो.

निळा माशीमार दिसला. नारिंगी छाती होती. मी श्वास धरून वाट पाहिली. त्याने मान वळवली, मग अंग. पाठ निळी. टिकेल.

नऊनंतर सहलीची एक बस आली, तिच्याबरोबर मोठा स्पीकर आला, आणि आमचा दिवस तिथेच संपला. बोंडल्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं माझ्याकडे नाही.

तिसरा दिवस : तांबडी सुर्ला

साकोर्डा, बोळकर्णे करत तांबडी सुर्ल्याला जाताना रस्ता हळूहळू झाडांखाली शिरतो. शेवटी मोकळं होतं तिथे महादेवाचं देऊळ आहे. कदंबांच्या काळातलं, बाराव्या शतकाच्या सुमाराचं, काळ्या बेसॉल्टचं. गोव्यात इतकं जुनं देऊळ असं उभं राहिलेलं दुसरं नाही, आणि ते इथे रानाच्या पोटात राहिलं म्हणूनच राहिलं असावं. मामांनी चपला काढून नमस्कार केला. आम्ही देवळाच्या पायऱ्यांवरून नदीत उतरलो आणि काठाकाठाने आत गेलो.

हा भगवान महावीर अभयारण्याचा परिसर. मोल्याचं राष्ट्रीय उद्यान धरून सगळं मिळून २४० चौरस किलोमीटर. बोंडल्यापेक्षा तीसपट मोठं हे आकड्यात कळतं, पण अंगाला कळतं ते गारव्याने. बोंडल्याला सकाळी आठला घाम फुटला होता. इथे दहा वाजले तरी ओढ्याकाठी स्वेटर काढावासा वाटत नव्हता.

साडेदहाच्या सुमारास एकदम गलका झाला. पल्लवपुच्छ कोतवाल पुढे, शेपटीची दोन पिसं मागे भुंग्यांसारखी नाचवत. त्याच्या मागोमाग पिवळ्या भुवईचे बुलबुल, खोडावर उलटी उतरणारी शिलिंध्री, मोनार्क, आणि फुलवेट्टांची कुजबुजणारी टोळी. रानात असे मिसळीचे थवे फिरतात. सगळे मिळून पानापानांतले किडे उठवतात. एकाच्या तोंडून निसटलेला टोळ दुसरा टिपतो, आणि ससाण्यावर लक्ष ठेवायला डोळेही जास्त असतात. कोतवाल पहारा करतो आणि त्याची मजुरी म्हणून अधूनमधून दुसऱ्याच्या चोचीतलं पळवतो. पाच मिनिटांत लाट पुढे सरकली आणि रान पुन्हा गप्प झालं.

तेवढ्यात तळाशी काहीतरी हललं. ओढ्यावर वाकलेली एक वेल, पाण्यापासून हातभर उंच. तिच्यावर निळा पक्षी. छातीसुद्धा निळी! पोट पांढरं. मी मामांचा हात घट्ट धरला.

यापुढे मी जे केलं ते लिहिताना मला अजून वाईट वाटतं. नर सावलीत होता, नीट दिसत नव्हता. मोबाइलवर मी त्याच्या गाण्याचं ध्वनिमुद्रण उतरवून ठेवलं होतं. मामांना न विचारता मी ते वाजवलं. त्याचा परिणाम क्षणात दिसला. नर वेलीवरून सुटला आणि आमच्यापासून तीन हातांवर येऊन बसला. इतक्या जवळ की कपाळावरची उजळ निळी पट्टी, डोळ्यापुढचा काळा भाग आणि चोचीच्या मुळाशी असलेले बारीक केस दुर्बिणीशिवाय दिसत होते. अंगाची पिसं फुलवलेली. एकदा डावीकडे वळला, एकदा उजवीकडे. गायला लागला. थांबत थांबत, एखादी गोड शीळ, मग करकर, मग पुन्हा शीळ. फांदी बदलून पुन्हा गायला. त्याच्या पायाखालून एक किडा उडाला, त्याच्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

मामांनी माझ्या हातावर हात ठेवून मोबाइल बंद केला. रागावले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "तो शेजारी शोधतोय. त्याच्या घरात घुसलेला शेजारी. तो नाहीच आहे, तर सापडणार कसा?"

आम्ही मागे सरलो आणि दूर एका दगडावर बसलो. तो सतरा मिनिटं त्याच झुडपात येरझाऱ्या घालत राहिला. मी घड्याळ लावून मोजली. तेवढ्या वेळात एकही किडा खाल्ला नाही. विणीचा हंगाम याच सुमारास सुरू होतो आणि पावसाळ्यात भरात येतो. अशा वेळी हद्दीसाठी खर्चलेली सतरा मिनिटं त्याच्या दृष्टीने थोडी नव्हेत. त्या जागी रोज दहा जण आले आणि प्रत्येकाने एकदा गाणं वाजवलं तर? मी ते ध्वनिमुद्रण तिथेच पुसून टाकलं.

दुपारी नदीकाठी डबा उघडला तेव्हा मामा रस्त्याबद्दल बोलले. या रानातून पणजी-बेळगाव महामार्ग जातो, कुळ्याहून कॅसलरॉकला चढणारी रेल्वे जाते. २०२० मध्ये महामार्ग रुंद करणं, रेल्वेचा दुसरा मार्ग टाकणं आणि वीजवाहिनी नेणं हे तिन्ही प्रस्ताव एकदमच पुढे आले, तेव्हा गोव्यातली तरुण मुलं किती मोठ्या संख्येने मोल्यासाठी उभी राहिली, ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं. रेल्वेच्या दुसऱ्या मार्गाला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मान्यता सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली.

"लोक म्हणतात, रस्ता केवढासा, पक्ष्याला पंख आहेत, उडून जाईल," मामा म्हणाले. "धनेश जाईल. हा नाही जाणार."

मला आधी पटलं नाही. मग मी तो सकाळचा नर आठवला. ओढा ओलांडला तोही वेलीवरून वेलीवर, उन्हाच्या ठिपक्याला वळसा घालून. तळच्या अंधारात राहणाऱ्या पक्ष्याला उघडं, तापलेलं, उजेडाचं मैदान म्हणजे आपल्याला समुद्र. जगभरच्या सदाहरित रानांत हेच दिसलं आहे. रानाचे तुकडे पडले की जमिनीलगत किडे टिपणारे लहान पक्षी सगळ्यात आधी जातात. पनामा कालव्यासाठी नदी अडवली तेव्हा एक टेकडी पाण्याने वेढली जाऊन बेट झाली, बारो कोलोरॅडो. तिथलं रान राखलं, १९२३ पासून तिथे अभ्यास चालू आहे. झाडं उभी राहिली, तरी तळचे कितीतरी पक्षी पुढच्या काही दशकांत एकेक करून नाहीसे झाले. मरत सगळेच असतात. पण इथे गेलेल्याची जागा घ्यायला पाणी ओलांडून नवा कोणी आला नाही.

चौथा दिवस : बांबरची राय

या दिवसासाठीच मी सगळी सुटी घेतली होती असं आता वाटतं.

वाळपई मागे टाकली की सत्तरीचं खरं रूप सुरू होतं. दोन्ही बाजूंना काजूचे डोंगर. मोहोर संपून बोंडू धरायला लागले होते, कुठे कुठे पिवळे-लाल दिसत होते. या दिवसांत काजूखालचं सगळं रान कापून, जमीन झाडून लख्ख करतात. पडलेली बी सापडली पाहिजे ना! चार महिन्यांच्या मिळकतीचा प्रश्न असतो, मी कुणाला दोष देत नाही. पण आदल्या दोन दिवसांत गुडघ्याखाली बघायची सवय लागली होती, आणि त्या नजरेला काजूचा डोंगर आता वेगळा दिसला. वर हिरवा, सावली भरपूर, आणि खाली काहीच नाही. पान नाही, काटकी नाही. बसायला फांदी नाही, उलथायला पाचोळा नाही.

बांबर म्हादई अभयारण्याच्या बाजूला आहे. गावातल्या एका दादांनी आम्हाला वाट दाखवली. निरंकाराची राय म्हणतात ती हीच. निरंकार म्हणजे निराकार, रूप नसलेला देव. रायीच्या तोंडाशी त्यांनी चपला काढल्या, आम्हीही काढल्या. दादा म्हणाले, "हांगाचें एक पानूय व्हरचें न्हय." इथलं पानसुद्धा न्यायचं नसतं.

आत गेलो आणि पाय थंड चिखलात रुतले. वर पूर्ण छत. रानजायफळीचे सरळ उंच बुंधे, आणि त्यांची मुळं! काही बुंध्यांना जमिनीपासून वर हात टेकल्यासारखी आधारमुळं, आणि सगळीकडे चिखलातून बाहेर आलेले गुडघे. खरंच गुडघे. मूळ वर येतं, वाकतं, पुन्हा खाली जातं. चिखलात हवा नसते, म्हणून श्वास घ्यायला मूळ बाहेर डोकावतं. असे शेकडो गुडघे, शेवाळलेले, आणि त्यांच्यामधून हळूहळू वाहणारं वीतभर पाणी. गोड्या पाण्यातली रानजायफळीची अशी दलदल पश्चिम घाटात आता मोजक्या ठिकाणी उरली आहे. ही उरली ती देवाच्या नावाने.

एका आडव्या खोडावर आम्ही तिघे बसलो. डास होते, पण हलायचं नाही असं ठरलं होतं. चार वाजले. आधी कस्तूर आला आणि पाण्याच्या कडेने चालत गेला. साडेचारला दोन फुलवेट्टा येऊन अंग भिजवून गेले. मग बराच वेळ काही नाही. दादा कानात कुजबुजले की संध्याकाळी बारकी पाखरं याच डबक्यावर येतात, पाणी थोडं खोल आहे ते तिथे.

पाचला दहा मिनिटं कमी होती. आमच्यापासून सहा-सात हातांवरच्या एका गुडघ्यावर ती बसलेली होती. कधी आली ते कुणीच पाहिलं नाही. नारिंगी छाती, खाली पांढुरकी. चोच आणि डोळा यांच्यामधली जागा फिकट. ती पाण्याकडे बघत होती, म्हणजे आमच्याकडे तोंड. मी दुर्बीण लावून मनात म्हणत होते, वळ. एकदा वळ.

ती आधी पाण्यात उतरली. पोटाला लागेल एवढ्या पाण्यात उभी राहिली, डोकं बुडवलं, पंख थरथरवले, थेंब उडाले आणि लगेच गुडघ्यावर परत. चारही बाजूंना पाहिलं. पुन्हा पाण्यात. असं पाच वेळा. प्रत्येक वेळी दोन-तीन सेकंदांचं स्नान आणि त्याहून लांब पहारा. भिजलेलं पक्षी जड होतं, उडताना मंद होतं, म्हणून ही घाई. सहाव्या वेळी ती वरच्या बारीक फांदीवर गेली आणि पिसं साफ करायला वळली.

पाठ मातकट. डोकं राखी. शेपटी तांबूस.

मी काही बोलले नाही. मामांनीही नाही. तिने एकेक पीस चोचीतून ओढून काढलं, डोक्याला पाय पोचत नाही असं वाटत असतानाच पंखाखालून पाय काढून कान खाजवला, ओली शेपटी दोनदा झटकली. मग फांदीवरूनच एक छोटी झेप, हवेत टिच्च असा चोचीचा आवाज, आणि परत. तोंडात किडा. जेवढ्या वेळात मी हे वाक्य लिहिलं त्याच्या दहाव्या हिश्शात. नर आला नाही. पण पलीकडच्या अंधारातून दोनदा त्याचा टिक-टिक ऐकू आला आणि ती त्या दिशेला निघून गेली.

ही पाखरं घरटं करतात ते अशाच ओलसर जागी. ओढ्याच्या कडेच्या मातीतली खोबण, दगडाची कपार, कुजलेल्या बुंध्यातलं भोक. आत शेवाळाची वाटी. म्हणजे जिथे आपली नजर जात नाही आणि कोयता पहिल्यांदा जातो, नेमकी तीच जागा.

परतताना दादांनी समोरच्या डोंगराकडे बोट केलं. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादईत जागोजागी आगी लागल्या तेव्हा ते आठवडाभर झाडाच्या हिरव्या डहाळ्या घेऊन आग बडवत होते. मोठी झाडं बहुतेक वाचली असं ते म्हणाले. "जळलें तें सकयलें." जळलं ते खालचं. बाहेरून बघणाऱ्याला दुसऱ्या वर्षी डोंगर पुन्हा हिरवा दिसला.

पुन्हा सावयवेरे

रात्री आठला परत आलो. मामींनी खतखतं केलं होतं. जेवण झाल्यावर मी मामांना म्हटलं, उद्या दुपारच्या बसने जायचं आहे, त्याआधी पाटावरचा तो पहिल्या दिवसाचा पक्षी मला नीट बघायचा आहे.

सकाळी सात ते नऊ आम्ही जायफळीसमोर बसलो. तो आलाही, त्याच फांदीवर. छाती नारिंगी. पाचोळ्यावर उतरला, परतला, आणि बसताना वळला. पाठ निळी, स्वच्छ निळी. टिकेल. मला वाटलं होतं मी निराश होईन, पण त्याच्याकडे पहिल्यांदाच पूर्ण पाहत होते. तोही सुंदरच आहे.

मामा उठून घरात गेले आणि बऱ्याच वेळाने बाहेर आले. हातात जुनी वही, कडा वाळवीने खाल्लेल्या. मामा शाळेत असताना शाई-टाकाने लिहायचे. पान माझ्यासमोर धरलं. जून १९८७. खाली तीन ओळी : झरीवर दोन पक्षी. एक सगळा निळा, पोट पांढरं. दुसऱ्याची छाती नारिंगी, पाठ मातकट. नाव माहीत नाही.

"तेव्हा माझ्याकडे पुस्तक नव्हतं," मामा म्हणाले. "नंतर पुस्तक आलं तोवर झरीच्या वरचं रान काढून मीच काजू लावले होते. ८९ मध्ये. पुढे किती वर्षं झरीवर बसलो. नारिंगी दिसायचा. मीही टिकेल म्हणायचो."

त्यांनी वही मिटली. मी काय बोलणार? आम्ही दोघं झरीपर्यंत चढून गेलो. झरीच्या डाव्या अंगाला, काजूच्या हद्दीपर्यंत, वीसेक पावलांची एक घळ आहे. उतार जास्त म्हणून तिथे काजू लागले नाहीत. तिथे फणसाची रोपं, भेरली माडाची पोरं, वेली आणि पाचोळा असं आपोआप वाढलेलं रान आहे. वरच्या टोकाला ते डोंगरावरच्या रानाला जवळजवळ टेकतं. मध्ये तेवढी काजूची एक रांग आहे.

दुपारी मी पिशवी भरून अंगणात आले तेव्हा मामा घरी नव्हते. मामी म्हणाल्या, वर गेलेत, गडी आलाय बेणायला. मी पुन्हा चढून गेले. झरीजवळ मामा आणि गडी उभे होते. मामा हाताने दाखवत होते, या फणसापासून त्या माडापर्यंत, आणि वरच्या त्या रांगेतले तीन काजू. गडी ऐकत होता, मध्येच काहीतरी विचारत होता. बांधावर त्याची पाण्याची बाटली ठेवलेली होती. कोयता अजून कमरेलाच होता.